ज्यूरीच्या नावाने येणारे फोन: महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि मंडळांच्या पत्रिकांचे संपादक यांस,



ज्यूरीच्या कामाला गैरहजर राहिल्याबद्दल अटक वॉरंट निघाले आहे अशी थाप मारून अमेरिकेतील रहिवाशांकडून पैसे किंवा खासगी माहिती उकळण्याचा प्रकार नवा नाही. एफबीआय या तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने त्याविषयी २००६ मध्येच जाहीर इशारा दिला होता. त्या काळी फोन करणाऱ्याला प्रामुख्याने जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे माणसाच्या कर, पगार आणि कर्जाच्या नोंदींना जोडलेला नऊ अंकी ओळख क्रमांक, हवा असे. आता त्याला थेट रक्कम हवी असते, आणि तीही तासाभरात. मधल्या काळात फसवणुकीची पद्धत सुधारत गेली, मंडळांचा इशारा मात्र होता तिथेच राहिला. व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरणारा तो मजकूर सर्वांच्या परिचयाचा आहे: ठळक अक्षरांत ‘सावधान’, खाली कुठल्यातरी कौंटीतील, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागातील, घटनेचे तीन ओळींचे वर्णन, आणि शेवटी तो सर्वांना पाठवण्याची विनंती. पाठवणाऱ्यांच्या सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या संस्थेच्या नावाने ही फसवणूक होते ती मुळात काय आहे, ती नागरिकाला कशी बोलावते आणि तो न गेल्यास काय करते, हे ज्या वाचकाला कोणी कधी सांगितलेलेच नाही, त्याने नेमके कशापासून सावध राहावे?

महाराष्ट्रात शिक्षण झालेल्या माणसाला ज्यूरी ठाऊक असते ती इतिहासातून. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सात युरोपियन आणि दोन पारशी अशा नऊ जणांच्या ज्यूरीने त्यांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. पुढे १९५९ च्या नानावटी प्रकरणात सत्र न्यायालयाच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, तो निकाल न्यायाधीशांना मान्य न झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे आरोपीला शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या पिढ्यांच्या दृष्टीने ज्यूरी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी खटल्यात बसलेली अनोळखी माणसे; स्वतःच्या घरी टपालाने येणारे कर्तव्य या रूपात ती त्यांना भेटलीच नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या २००८ च्या शंभर प्रश्नांच्या यादीत, केवळ नागरिकांवर असलेली एक जबाबदारी कोणती असा एक प्रश्न होता आणि ज्यूरीत काम करणे हे त्याच्या मान्य उत्तरांपैकी एक होते. उत्तर पाठ होते, शपथविधी होतो, मंडळात पेढे वाटले जातात, आणि त्या उत्तराचा अर्थ तिथेच राहून जातो. मंडळांविषयीची मुख्य तक्रार हीच आहे: नव्या नागरिकाच्या अभिनंदनाचा फोटो पत्रिकेत छापला जातो, पण त्याच्या टपालपेटीत पुढे काय येणार आहे हे त्याच पत्रिकेत सापडत नाही.

वस्तुतः ही पद्धत समजायला अवघड नाही. फौजदारी खटला ज्यूरीपुढे चालवून घेण्याचा आरोपीचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने आणि अनेक दिवाणी दाव्यांतील तसाच हक्क सातव्या दुरुस्तीने दिलेला आहे, आणि तो पुरवायचा तर सामान्य नागरिकांना आळीपाळीने न्यायालयात बसावे लागते. फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांसाठी ही निवड १९६८ च्या कायद्यानुसार होते. राज्यांची न्यायालये आपापल्या कायद्यांनी चालतात. मतदारयादीतून, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्या जोडीला वाहन परवान्यांच्या यादीतून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नावे काढली जातात आणि त्या त्या पत्त्यावर टपालाने प्रश्नावली किंवा समन्स जाते. समन्सवर न्यायालयाचे नाव व पत्ता, हजेरीची तारीख, त्या व्यक्तीला दिलेला क्रमांक आणि अनेकदा गटाचा क्रमांक असतो; कित्येक न्यायालयांत आपल्या गटाला खरोखर यायचे आहे की नाही याची खात्री नागरिकाने आदल्या संध्याकाळी ठरावीक क्रमांकावर फोन करून किंवा संकेतस्थळ पाहून स्वतः करायची असते. तारीख गैरसोयीची असेल तर पुढची मागता येते, आणि पहिली विनंती सहसा मान्य होते. कामाचा भत्ताही मिळतो: फेडरल न्यायालयात दिवसाला ५० डॉलर, बऱ्याच राज्यांत त्याहून कमी.

समन्स चुकल्यास काय होते, हा यातला कळीचा भाग आहे आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात तोच नसतो. फेडरल कायद्याप्रमाणे गैरहजर व्यक्तीला न्यायालय प्रथम समक्ष येऊन कारण दाखवण्याचा आदेश देऊ शकते. तिने सयुक्तिक कारण दिले नाही तरच न्यायाधीश जास्तीत जास्त १,००० डॉलर दंड, जास्तीत जास्त तीन दिवसांची कैद, समाजसेवेचे काम, किंवा यांपैकी एकाहून अधिक गोष्टी फर्मावू शकतात. राज्याराज्यांत तपशील बदलतो आणि काही ठिकाणी न्यायाधीश वॉरंटही काढू शकतात, परंतु म्हणणे ऐकून घेण्याआधी दंड ठरवणे, तो फोनवर सांगणे आणि फोन चालू असतानाच वसूल करणे ही रीत कोणत्याही न्यायालयाची नाही. खरे वॉरंट बजावणारा अधिकारी आधी फोन करून पैशांची वाट पाहत बसत नाही. एवढा एक परिच्छेद ज्याच्या वाचनात आलेला आहे, त्याच्यापुढे फसवणाऱ्याचे पहिलेच वाक्य लटके पडते.

आता तो फोन कसा असतो ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण मंडळांच्या इशाऱ्यांत तो हास्यास्पद वाटावा असा रंगवलेला असतो आणि प्रत्यक्षात तो तसा मुळीच नसतो. फोनच्या पडद्यावर कौंटीच्या शेरीफ कार्यालयाचे नाव किंवा खरा क्रमांक उमटतो, कारण येणाऱ्या फोनवर हवा तो क्रमांक दाखवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. (मुंबईकराच्या ओळखीचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे केवळ मानाचे पद आहे; अमेरिकी कौंटीचा शेरीफ हा बहुतेक ठिकाणी निवडून आलेला पोलीस प्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली सशस्त्र अधिकारी असतात.) बोलणारा शांत, अदबशीर आणि कंटाळलेल्या सरकारी नोकरासारखा बोलतो. तो स्वतःचे म्हणून जे नाव सांगतो ते त्या कार्यालयात खरोखर काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे असते, न्यायाधीशाचे नावही खरे असते, न्यायालयाचा पत्ता खरा असतो. बिल्ला क्रमांक आणि प्रकरण क्रमांक तेवढे बनावट असतात, आणि तेच त्या क्षणी पडताळता येत नाहीत. समन्स मिळालेच नाही असे ऐकणाऱ्याने म्हटले तर तो वाद घालत नाही. पोचपावतीवर कोणाची तरी सही आहे, ती आपली नसेल तर कार्यालयात येऊन सहीचा नमुना द्या, प्रकरण मिटेल, असे तो सुचवतो. माणसाला हायसे वाटते न वाटते तोच पुढचे वाक्य येते: वॉरंट अजून जिवंत असल्यामुळे दारातच अटक होऊ शकते, म्हणून आधी जामिनाची रक्कम भरावी लागेल, ती सहीची पडताळणी होताच परत मिळेल.

या रचनेतली खुबी अशी की पैसे कायमचे जात आहेत असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही. एका गैरसमजापायी अनामत ठेवून तो सुटतो आहे, असे त्याला वाटते. त्यानंतर दोन अटी येतात. प्रकरणाविषयी कोणाशीही बोलण्यास न्यायाधीशांनी मनाई केली आहे, ही पहिली, आणि फोन एक क्षणही बंद करायचा नाही, ही दुसरी. पती शेजारच्या खोलीत असतो, मुलीची शाळेतून येण्याची वेळ झालेली असते, आणि तरीही माणूस फोन कानाला लावून गाडी काढतो. दुकानातून गिफ्ट कार्डे, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेली खरेदीची कार्डे, विकत घेतली जातात, मागची चंदेरी पट्टी नखाने खरवडून आतले अंक वाचून दाखवले जातात, आणि वाचून संपेपर्यंत रक्कम दुसरीकडे वळलेली असते. कधी गिफ्ट कार्डांऐवजी पेट्रोल पंपावरच्या बिटकॉइन यंत्रात रोख नोटा सरकवायला सांगितले जाते. सर्व प्रकारच्या फसवणुकींत मिळून अशा यंत्रांमार्फत गेलेली रक्कम २०२३ साली ११ कोटी डॉलरच्या वर होती, असे तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकरक्षण यंत्रणेने सांगितले आहे; कॅलिफोर्नियाने २०२४ पासून अशा यंत्रांवर एका ग्राहकाला दिवसाला १,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. पैसे पोचल्यावर दुसरे वॉरंट सापडते, किंवा एक कार्ड ‘चालत नाही’, आणि माणूस पुन्हा दुकानात जातो.

या सगळ्यावर मंडळांचा ठरलेला तोडगा असा: कोर्ट कधीच फोन करत नाही, एवढे लक्षात ठेवा. हे विधान सोपे आहे, पण अचूक नाही. काही राज्यांतील न्यायालये आधी संमती दिलेल्या नागरिकांना संदेशाने किंवा ई-मेलने हजेरीची आठवण देतात, आणि आदल्या संध्याकाळचा फोन तर नागरिकानेच करायचा असतो. अशा वेळी ‘कधीच नाही’ हा नियम पहिल्याच खऱ्या संदेशाला मोडतो, आणि मोडलेला नियम पुढच्या खोट्या फोनला अडवत नाही. फेडरल न्यायालयांची भूमिका अधिक नेमकी आहे: संपर्क मुख्यतः टपालाने होतो, आणि खऱ्या कर्मचाऱ्याने फोन केलाच तरी तो सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचा वा क्रेडिट कार्डाचा तपशील मागत नाही. म्हणून ओळखण्याची खूण फोन आला की नाही ही धरू नये. पैसे किंवा गोपनीय क्रमांक मागितला का, गुप्तता पाळायला सांगितली का, आणि फोन बंद करू दिला नाही का, या तीन गोष्टींकडे पाहावे. त्यांपैकी एकही आढळली तर फोन ठेवून द्यावा आणि फोनवर दिसलेला किंवा सांगितलेला क्रमांक न लावता, जुन्या समन्सवरचा अथवा न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून ज्यूरी कार्यालयाला स्वतः विचारावे.

यापुढची तक्रार थोडी अवघड आहे, आणि ती ऐकून काही पदाधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडण्याची शक्यता आहे. मंडळांच्या पंगतीत ज्यूरीचा विषय निघतो तो बहुधा ती टाळावी कशी या अंगाने: समन्स सरळ कचऱ्यात टाका, नोंदणीकृत टपाल नसते, त्यांना काय कळणार, किंवा गेलात तर पोलिसांवर विश्वास नाही असे सांगा, दुपारपर्यंत घरी. हसण्यावारी जाणारा हा सल्ला फसवणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो. ज्याने प्रश्नावली भरून पाठवली, तारीख वाढवून मागितली, किंवा जाऊन आला, त्याच्याजवळ आपण आपले काम केले आहे याची खात्री आणि कागद दोन्ही असतात, आणि वॉरंटची भाषा त्याला खोटी वाटते. ज्याने गेल्या वर्षी ते पाकीट न उघडता टाकून दिले, त्याला मात्र फोनवरचा माणूस खरे बोलतो आहे असे वाटायला सबळ कारण असते. फोन करणाऱ्याला हे ठाऊक नसते, पण शेकडो फोनांत असा कोणी ना कोणी सापडतोच. ज्यूरीची टिंगल थांबवा अशी विनंती नाही. पंगतीत टिंगल चालायचीच. पत्रिकेतून मात्र त्याच विषयावर एकदा तरी सरळ माहिती यावी, आणि मंडळातील जे सभासद प्रत्यक्ष ज्यूरीत बसून आले आहेत त्यांना दोन पाने लिहायला सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

जे अजून नागरिक झालेले नाहीत त्यांच्याबाबत मंडळांचे मौन अधिक महागात पडते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांना किंवा ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असलेल्यांना ज्यूरीत बसता येत नाही. फेडरल कायदा त्यासाठी नागरिकत्व, किमान १८ वर्षे वय, त्या न्यायक्षेत्रात एक वर्षाचे वास्तव्य आणि पुरेसे इंग्रजी अशा अटी घालतो. तरीही वाहन परवान्याच्या यादीतून त्यांचे नाव निघू शकते आणि त्यांना खरे समन्स येऊ शकते. अशा वेळी कागद फेकून देऊ नये आणि भीतीपोटी नागरिक असल्याच्या रकान्यात खूणही करू नये, कारण नागरिकत्वाच्या खोट्या दाव्याला १९९६ पासूनच्या स्थलांतर कायद्यात अत्यंत कठोर परिणाम आहेत. ‘नागरिक नाही’ अशी नोंद करून प्रश्नावली परत पाठवली की सहसा विषय संपतो. हे माहीत असलेल्या ग्रीन कार्डधारकाला ज्यूरी चुकवल्याबद्दल हद्दपारीची धमकी देणारा फोन आला तर तो हसून ठेवू शकेल. माहीत नसलेल्याच्या डोळ्यांपुढे मात्र दहा वर्षांची रांग, घराचे कर्ज आणि मुलांची शाळा एकदम उभी राहते, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेतच पुढचे सारे घडते.

फोन करणारे कोण असतात याविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. जॉर्जिया राज्यातील तुरुंगांतून, आत चोरून आणलेल्या मोबाइलवरून, कैद्यांनीच बाहेरच्या साथीदारांच्या मदतीने ही ज्यूरीची फसवणूक चालवल्याची प्रकरणे फेडरल न्यायालयांत उभी राहिली आहेत. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण मीरा रोडचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा आतली तरुण मुले अमेरिकी करखात्याचे अधिकारी बनून थेट अमेरिकेतील लोकांना अटकेची भीती घालत होती, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागानेही अशा कॉल सेंटरांच्या जाळ्याविरुद्ध आरोपपत्र जाहीर केले. भारतात सध्या ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने ज्येष्ठांना दिवसच्या दिवस व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवण्याचा जो प्रकार चालतो, आणि ज्याविषयी पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये इशारा दिला, त्यातही तीच अटकेची भीती, तीच गुप्ततेची अट आणि तोच न संपणारा फोन आहे. पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील ज्या घरात फोन उचलतात, त्या घरांना या दोन्ही प्रकारांतले साम्य समजावून देणे मंडळांना सहज शक्य आहे, आणि भारतात १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे हेही त्याच ओघात सांगता येईल.

फसलेल्या माणसाला मंडळांत जी वागणूक मिळते तिच्याविषयी थोडक्यात लिहिलेले बरे. ‘एवढा शिकलेला असून’ हे शब्द ज्याने एकदा ऐकले तो दुसऱ्यांदा कोणाला काही सांगत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याचे पहिले काही तास त्यातच निघून जातात. खरे तर त्या तासांत बरेच काही करता येते. गिफ्ट कार्ड ज्या कंपनीचे असेल तिला लगेच कळवावे, कार्ड आणि पावती जपून ठेवावी. बँकेतून रक्कम गेली असेल तर बँकेच्या फसवणूक विभागाला तत्काळ फोन करावा. सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला गेला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन पतनोंदणी संस्थांकडे आपली नोंद गोठवावी, म्हणजे त्या क्रमांकावर दुसऱ्याला कर्ज काढणे कठीण होते, आणि २०१८ पासून ही सोय देशभर विनामूल्य आहे. तक्रार स्थानिक पोलिसांकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे करावी, आणि ज्या न्यायालयाचे नाव वापरले गेले त्यालाही कळवावे. प्रत्येक मंडळाने असा एक सभासद नेमावा की ज्याच्याकडे फसलेला माणूस नाव न फुटता जाऊ शकेल आणि जो त्याच्याबरोबर बसून हे फोन लावील. त्यासाठी वकील लागत नाही. ऐकून घेणारा माणूस लागतो.

शेवटची विनंती व्यवहाराची आहे. मंडळांच्या गणेशोत्सवात आणि संमेलनांत घरांचे दलाल, विम्याचे एजंट आणि दागिन्यांचे व्यापारी यांच्यासाठी टेबले लावलेली असतात. यंदा त्यांतले एक टेबल स्थानिक कौंटी न्यायालयाच्या ज्यूरी कार्यालयाला भाडे न घेता देऊ करावे, खऱ्या समन्सचा एक कोरा नमुना तिथे लोकांना हाताळायला ठेवावा, आणि त्या कार्यालयाचा खरा दूरध्वनी क्रमांक पत्रिकेच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, पदाधिकाऱ्यांच्या नावांखाली, वर्षभर छापावा.



मंडळांच्या पत्रिकांचा
एक वाचक व हितचिंतक